मुनीर सरांचा राग

मी मुनीर सरांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते कोरड्या धरणात नाव उभी करत होते. कंधारकडच्या त्या धरणात त्या वर्षी पाणी असं नव्हतंच. भिंतीजवळ एक डबकं उरलं होतं, त्यात म्हशी बसल्या होत्या. बाकी सगळी तडकलेली काळी माती, आणि त्या मातीत मधोमध, लाकडी घोड्यांवर ठेवलेली एक पांढरी नाव. डोलकाठी उभी, शीड वर चढवलेलं, आणि डोक्याला ओला रुमाल बांधलेला एक उंच, हाडकुळा माणूस कॉलेजच्या पोरींवर तारस्वरात ओरडतोय. कडेला शेळ्या राखणारे दोन म्हातारे मजा बघत बसले होते. त्यातला एक म्हणाला, "मास्तर, पाणी न्हाई म्हणून कुणी सांगा की ह्यान्ला." सर मागे न बघताच म्हणाले, "पाणी वरच्याचं काम हाय, मामा. दोऱ्या माझं काम हाय. ज्याचं त्यानं बघावं."

मी तेव्हा अकरावीत होते. अर्धापूरच्या केळीवाल्या घरातली पोर, नांदेडला कॉलेजात घातलेली. खेळाचे जादा गुण मिळतात असं कुणीतरी सांगितलं म्हणून चौकशी करायला गेले होते. वाऱ्यावर चालणाऱ्या शिडाच्या नावांच्या शर्यती असतात हेही मला ठाऊक नव्हतं. सरांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "पोहता येतंय?" म्हटलं, येतं, विहिरीत शिकले. "गाठ बांधता येती?" म्हटलं, येते की. त्यांनी दोरी दिली. मी आमच्या गोठ्यात बांधतात तशी झकास गाठ मारून दाखवली. सरांनी ती सोडवायचा प्रयत्न केला, सुटेना. मग ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी त्यांची दोरीच चोरली आहे.

"ही बैलाची गाठ हाय. बैल पळू नये म्हणून मारतेत. नावेत वारा आला, नाव कलंडायला लागली, शीड सोडायचं हाय. तेव्हा काय दातानं सोडशील? ए केळी, जा, घरला जा."

'ए केळी' हे माझं नाव त्या क्षणी पडलं ते पडलंच. मी घरी गेले नाही. मलाही राग येतो. मी तिथंच मातीत बसून ती गाठ सोडवली, नखं दुखेपर्यंत, आणि म्हटलं, "तुमची कशी असते ती दाखवा." त्यांनी दाखवली. एकदाच. दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणाले, "मी काय टेपरेकॉर्डर हाय?"

नाव उभी करणं म्हणजे काय, ते इथं थोडं सांगते, कारण त्याशिवाय हा माणूस कळायचा नाही. शर्यतीची छोटी नाव सुटी सुटी येते. रिकामं अंग, डोलकाठी, आडवी काठी, दोन शिडं, सुकाणू, आणि दोऱ्यांचा हा एवढा गुंता. डोलकाठी आपल्या जागी बसवायची आणि तीन तारांनी ताणून धरायची. दोन तारा दोन बाजूंना, एक पुढे, नावेच्या नाकाला. या तीन तारांवर सगळा संसार. ताण कमी पडला तर डोलकाठी झोके खाते, जास्त झाला तर नाव अवघडते. वारा हलका असेल त्या दिवशी एक हिशेब, जोराचा असेल त्या दिवशी दुसरा. लोकांना वाटतं शर्यत पाण्यात जिंकतात. सर म्हणायचे, "पाण्यात फक्त कळतं, कोण काठावर झोपलं होतं."

हे त्यांना कुठून आलं? त्यांचं घर नांदेडच्या जुन्या वस्तीतलं, तीन-चार पिढ्यांचं. वडील झोपायच्या बाजा विणायचे. सर लहानपणी काही वर्षं हैदराबादला मामाकडे होते, तिथल्या तलावावर शिडाच्या नावा चालायच्या, तिथं हा नाद लागला. परत येऊन शिकले, आमच्या कॉलेजात खेळाचे सर झाले, आणि कबड्डी-खोखोच्या गावात हे असलं काहीतरी घेऊन बसले. पण नावेबद्दल बोलताना ते हैदराबादचं नाव घ्यायचे नाहीत, वडलांचं घ्यायचे. "अब्बा बाज विणून झाली की चारी बाजूंनी चापट मारून ऐकायचे. आवाज सारखा पाहिजे. एका अंगाला ढिली राहिली तर झोपणाराची कंबर गेली. नावेचं बी तेच हाय." आणि ते दोन्ही बाजूंच्या तारा बोटानं छेडायचे, मान तिरकी करून ऐकायचे. आम्हाला दोन्ही आवाज सारखेच वाटायचे. ते म्हणायचे, "डावी रडून राहिली. ऐकू येत न्हाई? कानात केळी घातली का?"

आता तुम्हाला वाटेल, वरून काटेरी आणि आतून फणसासारखे गोड असतील. नव्हते. आतूनही तसेच होते. माझी जोडीदार सुवर्णा ही कंधारच्या एसटी कंडक्टरची मुलगी, स्वभावानं गरीब. मी सुकाणूवर बसायचे, ती पुढे बसून लहान शीड सांभाळायची. एकदा तिनं नावेच्या मागचं बूच लावलं नाही. बूच म्हणजे पोटात साचलेलं पाणी काढायच्या भोकाचं झाकण. ते राहिलं तर नाव हळूहळू पाणी पीत बसते. सरांनी काठावरून पाहिलं, नाव मागून खाली बसलीय. बूट-पँटसकट छातीभर पाण्यात आले, नाव ओढून काठाला लावली, आणि पुढचा महिनाभर सुवर्णाशी एक शब्द बोलले नाहीत. तिच्यासाठीचा निरोप माझ्याकडे द्यायचे, ती शेजारी उभी असताना. "केळी, हिला सांग, दोरी उलटी गुंडाळलीय." ती रडायची. मी भांडले. म्हटलं, "सर, हे फार होतंय. माणूस आहे, विसरतो." ते म्हणाले, "पाणी विसरत न्हाई."

आणि ते चुकायचेही. चुकले की कबूल करायचे नाहीत. सुकाणूची एक पट्टी त्यांनी स्वतः उलटी बसवली होती, आठवडाभर आमची नाव डावीकडे ओढत होती, आणि आठवडाभर ते मला म्हणत होते की तुझा हातच वाकडा आहे. मग एका सकाळी पट्टी गुपचूप सरळ झालेली दिसली. मी म्हटलं, "सर, माझा हात बरा झाला वाटतं." त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. त्या दिवशी चाचींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, आमच्यासाठी डब्यात खिचडी-खट्टा पाठवला होता. तीच काय ती माफी, असं मी समजून घेतलं.

पाऊस चांगला झाला की धरण भरायचं, आणि पहिली नाव पाण्यात जायच्या आधी नारळ फुटायचा. ही आमची रीत होती आणि ती सरांनीच घालून दिलेली होती. नारळ तेच आणायचे, दुकानात कानाशी हलवून, पाणी वाजवून. पण फोडायचा नावेपासून लांब, धरणाच्या पायऱ्यांशी एक काळा दगड होता, त्यावर. नावेला ते नारळ नुसता लावूही द्यायचे नाहीत. "हिचं अंग पापडासारखं हाय, पोरींनो. बाहेर पातळ कातडं, आत फेस, परत पातळ कातडं. हलकी पाहिजे म्हणून तर अशी करतेत. देव दगडात हाय म्हणता ना? मग दगडावर फोडा." सगळे हसायचे. खोबऱ्याचा पहिला तुकडा सर स्वतः खायचे. वर्षानुवर्षं हे असं चाललं होतं आणि त्यात कुणाला काही वावगं दिसलं नव्हतं.

आमचं बारावीनंतरचं पहिलं वर्ष होतं तेव्हा मुंबईला देशाच्या संघाची निवड चाचणी निघाली. राज्याच्या शर्यतीत आम्ही वरच्या जोड्यांत आलो होतो, जुन्या नावेवर. पुढच्या वर्षी आमचं वय अटीबाहेर जाणार होतं, आणि सरही निवृत्त होणार होते. मराठवाड्यातली एक जोडी तिथं निवडली जावी, एवढी एकच गोष्ट त्या माणसाला आयुष्यात हवी होती. त्यांनी ती कधी तोंडानं सांगितली नाही, पण चाचींनी सांगितली. "झोपेत बी तारा कसतेत गं ते," असं म्हणाल्या.

जुनी नाव त्या चाचणीला चालणारी नव्हती. सरांनी वर्षभर आमच्या शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षांच्या मागे लागून लागून संस्थेकडून खास शर्यतीची नाव मंजूर करून घेतली. ती हैदराबादहून आणायची होती. आमच्या बाबांच्या ओळखीचा ट्रक तिकडे केळी उतरवून रिकामा येणार होता, त्यात ती आली. खाली कडबा, बाजूंना केळीची पानं, आणि मागे नावेला धरून बसलेले सर. ट्रक अर्धापुरात आमच्या दारात थांबला तेव्हा बाबा म्हणाले, "सर, पुढं ड्रायव्हरपाशी बसायचं होतं की." सर म्हणाले, "पाटील, खड्डा आला की हिला कोण सांगणार, धरून बस म्हणून?" आईनं चहा दिला तो त्यांनी ट्रकमध्येच उभ्यानं प्यायला.

मग सरांनी ती नाव उभी केली. त्यात कितीतरी दिवस गेले. डोलकाठीच्या टोकाला टेप बांधून वर चढवायचा, मागच्या काठापर्यंत माप घ्यायचं, काठी बोटभर मागे कलवायची, पुन्हा माप. चाचींच्या विणकामातली लाल लोकर शिडाला चिकटवली, वारा कसा वाहतोय ते त्या धाग्यांवर दिसतं. तारा अडकवणाऱ्या प्रत्येक पिनेच्या रिंगवर चिकटपट्टी, म्हणजे दोरी अडकून ती निघायची नाही. आम्ही तिला पाण्यात घातलं त्या दिवशी पश्चिमेचा वारा होता. मी शीड ओढलं मात्र, नाव अशी उठली की सुवर्णा ओरडलीच. आजवर आम्ही जे चालवत होतो ते काय होतं, असं झालं. परत आलो तेव्हा सर पायरीवर बसले होते. म्हणाले, "बरं हाय. आता तुमच्यापाशी सांगायला एक बी कारण उरलं न्हाई."

तेवढ्यात लोकार्पण निघालं. संस्थेनं नाव घेतली, तर अध्यक्षांच्या हस्ते लोकार्पण नको का? धरणावर मांडव पडला. अध्यक्षांच्या फोटोचा फलक नावेपेक्षा मोठा होता. सरांनी आदल्या दिवशी तो काळा दगड धुऊन, त्याला हळद-कुंकू लावून, फुलं वाहून ठेवली होती, आणि प्राचार्यांना दोनदा सांगितलं होतं की नारळ तिथं. प्राचार्य "हो हो" म्हणाले. पण फोटोग्राफर म्हणाला, दगडावर फोडला तर फोटोत नाव येत नाही. अध्यक्षांनी नारळ उचलला आणि नावेच्या नाकावर हाणला.

पहिला घाव निसटला. दुसरा बसला. नारळ फुटला नाही, पण मला आवाज आला, पापड मोडल्यासारखा, बारीक. तो आवाज तिथं फक्त आम्हा तिघांना कळला. अध्यक्षांनी तिसऱ्यांदा हात उचलला आणि सर मांडवातून धावले, त्यांनी अध्यक्षांचं मनगट धरलं, आणि ज्या आवाजात आमच्यावर ओरडायचे त्याच आवाजात ओरडले, "फोडू नका! फोडू नका म्हणतो ना!" मग म्हणाले, "तिच्यावर न्हाई साहेब, दगडावर. दगड ठेवलाय तिथं." पण कुणाच्या तरी मोबाइलमध्ये जेवढं आलं, त्यात हे शेवटचं नव्हतं. मनगट होतं, आणि ओरडणं होतं.

संध्याकाळपर्यंत ती चित्रफीत गावोगाव फिरली. खाली लिहिलेलं, मुनीर सरांनी नारळ फोडू दिला नाही. एवढंच. पुढचं ज्याचं त्यानं समजून घ्यायचं होतं आणि लोकांनी घेतलं. नायगावच्या माझ्या काकांचा फोन आला, "तुमचे सर तसले हायत का गं?" मी विचारलं, "कसले?" काका केळीचा भाव विचारायला लागले. मी पुन्हा विचारलं, "कसले, काका? बोला ना." त्यांनी फोन ठेवून दिला. मी आजही त्यांच्याकडे जेवायला जात नाही, आणि त्याचं मला काही वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी सरांना सांगितलं, वातावरण निवळेपर्यंत तुम्ही पाण्यावर येऊ नका. वातावरण! त्याच वातावरणातले इतिहासाचे सर दर ईदला मुनीर सरांच्या घरी दोन-दोन वाट्या शीरखुर्मा खायचे. ते स्टाफरूममध्ये म्हणाले, "मुनीर सरांनीही जरा सबुरीनं घ्यायला पाहिजे होतं." बाकीच्यांनी माना हलवल्या. ज्यांनी वर्षानुवर्षं त्या दगडावरचं खोबरं खाल्लं होतं, त्यांतला एकही माणूस उठून म्हणाला नाही की बाबांनो, नारळ आणायचे तेच. माझ्या तोंडात त्या माणसांसाठी जे शब्द येतात ते इथं छापता येणार नाहीत.

मी आणि सुवर्णा अध्यक्षांकडे गेलो. नावेला चीर गेलीय, पुढची तार तिथंच अडकवतात, ती भरल्याशिवाय नाव मुंबईला नेता येणार नाही, हे काम सरांशिवाय इथं कुणाला येत नाही, असं सगळं सांगितलं. अध्यक्षांनी आम्हाला पेढे दिले. म्हणाले, "बेटा, त्यांनी शिकवून पाठवलं तसं बोलताय तुम्ही. जी नाव नारळानं फुटते ती समुद्रात काय टिकणार?" बसलेली माणसं हसली. सुवर्णा त्या दिवशी पहिल्यांदा चिडलेली मी पाहिली. तिनं पेढा तिथंच टेबलावर ठेवला आणि आम्ही बाहेर आलो. तिच्या भावाकडे पूर्ण चित्रण होतं, दगडाच्या बोलण्यासकट. आम्ही ते सगळीकडे पाठवलं. ते कुणी पाहिलंच नाही. खोटं पार देगलूरपर्यंत जाऊन आलं होतं, खरं आमच्या गल्लीच्या बाहेर पडेना.

नाव कॉलेजच्या सभागृहात कुलूप लावून ठेवली होती. मुंबईला नेण्यासाठी बाहेर काढली तेव्हा नाकावरच्या चिरेवर संस्थेच्या नावाचं चकचकीत स्टिकर होतं. सरांना फोन केला. त्यांनी सांगितलं, स्टिकर काढा, उन्हात वाळवा, मिळेल तिथून राळ आणून भरा. पण बरोबर संस्थेचा माणूस होता, तो हात लावू देईना. "नाव खराब केली तर जबाबदार कोण?" हे त्याचं म्हणणं.

मुंबईला पहिल्या दिवशी वारा हलका होता आणि आम्ही तिसऱ्या आलो. खरंच तिसऱ्या. समोर गोव्याच्या, चेन्नईच्या जोड्या होत्या, आणि आम्ही म्हशींच्या धरणातल्या पोरी त्यांच्या बरोबरीनं चाललो होतो, कारण नाव तशी उभी केलेली होती. दुसऱ्या दिवशी ती जड वाटायला लागली. बूच घट्ट होतं. पाणी स्टिकरखालून आत, फेसात मुरत होतं. बाहेर काढताना आम्हा दोघींना ती उचलेना. नाकावर अंगठा दाबला तर शिळ्या भाकरीसारखं मऊ लागलं. सर फोनवर सांगत होते, "सुवर्णाला मागं सरकून बसव. नाकावर वजन देऊ नको. पुढची तार जरा ढिली कर." तरीही आम्ही पहिल्या सहांत होतो. सहा जोड्या निवडायच्या होत्या.

शेवटच्या दिवशी वारा जोराचा आला. अर्ध्या शर्यतीत, वळताना, काहीतरी चराचरा फाटलं आणि डोलकाठी शिडासकट माझ्या खांद्याशेजारून पाण्यात गेली. वाचवायला बोट आली. सुवर्णा शिडाखाली सापडली होती, तिनं स्वतःच डोकं बाहेर काढलं. सगळं संपलं होतं. काठावर आल्यावर अंग पुसायच्या आधी मी सरांना फोन लावला. म्हटलं, "सर, डोलकाठी पडली."

ते म्हणाले, "सुवर्णा?"

"बरी आहे. मीही बरी आहे."

मग म्हणाले, "तार तुटली का पिन निघाली?"

"दोन्ही नाही, सर. तार, पिन, सगळं जागेवर आहे. नावेचं नाकच उपटून आलं."

पलीकडून चाचींचा आवाज येत होता, काय झालं म्हणून विचारणारा. मग सर म्हणाले, "म्हणजे माझं काही चुकलं न्हाई." आणि फोन ठेवला.

आम्ही परत यायच्या आत नांदेडला नवी बातमी तयार होती. नाव सरांनीच उभी केली होती ना? मग पडली कशी? मुद्दाम ढिली ठेवली असणार. हे बोलणारी माणसं त्यांच्या शेजारची होती, त्यांच्या हाताखाली शिकलेली होती. सर पुढच्या वर्षी निवृत्त झाले. निरोपसमारंभ झाला नाही, शाल-श्रीफळ नाही, दोन शब्द नाहीत. त्यांनी घर भावाला दिलं आणि चाचींना घेऊन मुलीकडे हैदराबादला गेले. ज्या वस्तीत तीन-चार पिढ्या गेल्या तिथून एक माणूस उठून गेला आणि कुणी विचारलं नाही की का.

मी आता लातूरला एका शाळेत खेळ शिकवते. सुवर्णाचं लग्न झालं, ती कंधारलाच असते, तिनं पुन्हा नावेला हात लावला नाही. सरांना आम्ही फोन करायचो तर चाचीच उचलायच्या, "नमाजला गेलेत," "झोपलेत." गेल्या हिवाळ्यात मी शेवटी न कळवता गेले. तिसऱ्या मजल्यावरचं लहान घर. सरांनीच दार उघडलं. केस पार पांढरे, बाकी तसेच ताठ. मला वाटलं, आता म्हणतील, काय गं, न सांगता कशी आलीस. ते म्हणाले, "आइए, आइए. आप आए, बहोत अच्छा हुआ."

आप! मी दारातच थबकले. ते सगळं दखनीत बोलत होते, हळू, अदबीनं. लातूर कैसा है, अब्बाजी कैसे हैं, केले को भाव मिलता क्या. मी मराठीत उत्तरं देत होते आणि ते मराठीत येत नव्हते. शेवटी न राहवून म्हटलं, "सर, मराठीत बोला ना. माझ्याशी तरी." ते हसले. म्हणाले, "वो ज़बान में ग़ुस्सा करते थे हम, बेटी. ग़ुस्सा अपने लोगां पे करते. अब किस पे करना?"

मला काय सुचलं कुणास ठाऊक. मी थाप मारली. म्हटलं, "सर, परवा एका तलावावर पोरींना शिकवत होते. शीड ओलंच गुंडाळलं आणि तसंच महिनाभर कपाटात ठेवलं. उघडलं तर सगळं बुरशीनं काळं. फेकून द्यावं लागलं." हे ऐकून त्या माणसानं मला जिन्यावरून खाली ढकलून द्यायला हवं होतं. मी वाट बघत बसले.

सरांनी माझ्या कपात चहा ओतला. "होता ऐसा," ते म्हणाले. "नया ले लेना. आप बिस्किट लीजिए ना."

मी बिस्किट घेतलं. थोड्या वेळानं उठले, पाया पडले, चाचींनी खिडकीतून हात हलवला. रस्त्यावर येईपर्यंत सुवर्णाचा फोन आला. ती सकाळपासून वाट बघत होती. "भेटले?" म्हणाली. "कसे आहेत? रागावले का गं तुझ्यावर?"

मी म्हटलं, "नाही."

पलीकडे सुवर्णा रडायला लागली.